प्रणाली फुकट, मग जबाबदार कोण?

२०२४ च्या जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माजलगावच्या एका माध्यमिक शाळेतील शिक्षकांनी आम्हांला दोन दरपत्रके दाखवली. शाळेला एक सर्व्हर घ्यायचा होता. सर्व्हर म्हणजे इतर संगणकांची सेवा करणारा संगणक. तो सहसा कोपऱ्यात रात्रंदिवस चालू असतो, त्याच्यासमोर कोणी बसत नाही, पण मागेल त्याला तो फायली आणि नोंदी पुरवतो. शाळेची गरज साधी होती. मागील दहा वर्षांच्या गुणनोंदी एका जागी असाव्यात, प्रश्नपेढी असावी आणि प्रयोगशाळेतील वीस संगणकांना एकाच ठिकाणाहून धडे मिळावेत.

पहिल्या दरपत्रकात यंत्राची किंमत होती, ऑपरेटिंग सिस्टिमच्या परवान्याची किंमत होती, आणि जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक संगणकामागे आणखी एक परवाना होता. दुसरे दरपत्रक शाळेच्याच एका माजी विद्यार्थ्याने दिले होते. त्यात यंत्राची किंमत जवळपास तेवढीच होती, पण प्रणालीच्या रकान्यात लिहिले होते : 'लिनक्स, सेंटओएस ७, निःशुल्क'. गणिताच्या बाईंनी त्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवले. ''फुकट आहे हे समजले. बिघडले तर जबाबदार कोण?''

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर एका वाक्यात देता आले असते, पण ते खरे झाले नसते. सर्व्हरसाठी मुक्त प्रणाली निवडण्यामागे जवळजवळ पन्नास वर्षांचा इतिहास आहे. त्यातला बराचसा भाग शिक्षकांनी घडवलेला आहे आणि काही भाग आपल्या पुण्यामुंबईतही घडला आहे.

ऑपरेटिंग सिस्टिमला आम्ही येथे नुसते प्रणाली म्हणू. संगणकाचा प्रक्रियक, स्मृती आणि चकती यांची निरनिराळ्या आज्ञावलींमध्ये वाटणी करणे हे तिचे काम. घरच्या संगणकावर ही वाटणी चुकली तर यंत्र बंद करून पुन्हा चालू करता येते. सर्व्हरवर एकाच वेळी अनेक माणसे असतात, एकाची चूक दुसऱ्याला बाधू द्यायची नसते आणि यंत्र बंद करणे परवडत नाही. म्हणून सर्व्हरची प्रणाली निवडताना ती दिसते कशी, याला महत्त्व नाही. ती दुरुस्त कोण करते, याला आहे.

अशी अनेकांना एकाच वेळी वापरता येणारी युनिक्स ही प्रणाली १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी सुरू केली. १९७३ मध्ये तिचा गाभा सी या भाषेत पुन्हा लिहिण्यात आला, त्यामुळे ती एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेणे सोपे झाले. बेल प्रयोगशाळेची मालक कंपनी एटी अँड टी. सरकारशी १९५६ साली झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार या कंपनीला दूरध्वनीखेरीज अन्य व्यापार करण्यास मनाई होती. युनिक्स विकता येत नसल्याने ती विद्यापीठांना नाममात्र शुल्कात आणि मूळ आज्ञावलीसह मिळू लागली. मूळ आज्ञावली म्हणजे माणसाला वाचता येईल असा मजकूर. यंत्रासाठी त्याचे रूपांतर झाले की तो माणसाला वाचता येत नाही. एक पाककृती आहे आणि दुसरे शिजलेले अन्न.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन लायन्स यांना या पाककृतीत शिकवण्याचे साधन दिसले. १९७६-७७ च्या सुमारास त्यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या गाभ्याच्या सुमारे ९ हजार ओळी छापल्या आणि त्यांवर भाष्य लिहिले. आपल्याकडे सूत्र आणि भाष्य अशी जोडी असते, तसाच हा प्रकार. चालती, खरी प्रणाली ओळीओळीने वाचता येते, हे विद्यार्थ्यांना कळले. पण १९७९ मध्ये सातवी आवृत्ती आली तेव्हा परवान्यात नवी अट आली : ही आज्ञावली वर्गात शिकवायची नाही. लायन्स यांचे भाष्य त्यानंतर झेरॉक्स प्रतींच्या रूपाने जगभर फिरले. ते उघडपणे पुस्तकरूपात यायला १९९६ साल उजाडले.

वर्गात शिकवायची नाही! शिक्षकांना या अटीचे गांभीर्य वेगळे सांगायला नको. अ‍ॅमस्टरडॅमच्या विद्यापीठातील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी यावर उपाय म्हणून शिकवण्यापुरती एक छोटी प्रणाली स्वतःच लिहिली. ती १९८७ ची मिनिक्स. तीच वापरत असताना हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये स्वतःची प्रणाली लिहायला घेतली आणि पुढील वर्षी ती रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीपीएल या परवान्याखाली आणली. हा परवाना कोणालाही आज्ञावली चालवण्याचा, वाचण्याचा, बदलण्याचा आणि दुसऱ्याला देण्याचा हक्क देतो. अट एकच. बदललेली आज्ञावली दुसऱ्याला देणाराने तिचा वाचता येणारा मजकूरही द्यावा आणि हेच हक्क पुढे द्यावेत.

जुन्या ताम्रपटांत दिलेले दान आचंद्रार्क, म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत चालावे, असे म्हणण्याची प्रथा होती. माजलगाव तालुक्यातील पुरुषोत्तमपुरी येथे यादव राजा रामचंद्राच्या काळातील शके १२३२ चा ताम्रपट सापडला आहे. म्हणून हे उदाहरण आम्ही त्या शिक्षकांपुढे मुद्दाम ठेवले. जीपीएलमधील हक्क असेच आचंद्रार्क आहेत, ते कोणाला परत घेता येत नाहीत. पण याच परवान्यात ठळक अक्षरांत हेही लिहिलेले आहे की या आज्ञावलीची कसलीही हमी नाही. म्हणजे बाईंच्या प्रश्नाचे कायद्याच्या भाषेतील उत्तर 'कोणीही नाही' असे होते. मात्र पैसे घेऊन दिलेल्या परवान्यांतील बारीक अक्षरेही वाचावीत. नुकसानभरपाईची मर्यादा तेथेही सहसा मोजलेल्या किमतीच्या आसपासच असते. शाळेच्या दहा वर्षांच्या गुणनोंदी गेल्या तर त्या दोन्ही परवान्यांत भरून मिळणार नाहीत.

तेव्हा प्रश्न वेगळ्या रीतीने विचारावा लागतो. बिघाड झाल्यावर तो दुरुस्त करण्याचा हक्क कोणाला आहे, कुवत कोणाला आहे, आणि ते किती वर्षे?

हा प्रश्न महाराष्ट्राने मोठ्या प्रमाणावर सोडवलेला आहे, तो पुण्यात. १९८० च्या दशकात हवामानाच्या अंदाजासाठी भारताला महासंगणक हवा होता. अमेरिकेने बराच काळ घासाघीस करून क्रे कंपनीचा एक्स-एमपी १४ हा संगणक दिला. मागितला होता त्याहून तो कमी शक्तीचा होता आणि हवामानाखेरीज अन्य कामाला वापरू नये, अशा कडक अटी त्याला होत्या. तो दिल्लीत बसला. त्याच काळात, मार्च १९८८ मध्ये, पुण्यात विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१ मध्ये तिचा परम ८००० तयार झाला. त्यात ट्रान्सप्युटर नावाचे ब्रिटिश बनावटीचे प्रक्रियक शेकडोंनी जोडता येत. एकच गणित अनेक प्रक्रियकांत वाटून देण्यासाठी लागणारे 'पारस' हे आज्ञावलींचे पर्यावरण सी-डॅकने स्वतः लिहिले.

स्वतः लिहिण्यात स्वातंत्र्य होते, पण एकटेपणाही होता. प्रक्रियक बदलला की पुष्कळसे काम पुन्हा करावे लागते आणि जगात दुसरे कोणी ते करून ठेवलेले नसते. पुढील यंत्रांत सी-डॅकने बाजारात मिळणाऱ्या युनिक्सच्या जातींचा आधार घेतला. १९९८ चा परम १०००० सन कंपनीच्या सोलारिसवर चालत असे. २००३ मध्ये बंगळुरूला राष्ट्रार्पण झालेल्या परम पद्ममध्ये आयबीएमचे प्रक्रियक आणि तिचीच एआयएक्स प्रणाली होती. २००८ मध्ये पुण्यात आलेला परम युवा मात्र लिनक्सवर होता. त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर २००७ मध्ये, पुण्याच्याच कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या टाटा समूहातील संस्थेचा 'एका' हा महासंगणक जगाच्या यादीत चौथा आला होता. तोही लिनक्सवरच.

या बदलाचे मूळ नासातील एका प्रयोगात आहे. १९९४ मध्ये थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे १६ साधे संगणक जोडून बेवुल्फ नावाचा संच बांधला. संगणकांना जोडणाऱ्या तारांचा वेग कमी पडत होता. तेव्हा दोन तारा एकाच वेळी वापरता याव्यात म्हणून बेकर यांनी लिनक्सच्या आतील संबंधित भाग स्वतः लिहिला. बंदिस्त प्रणालीत त्यांना कंपनीकडे अर्ज करून वाट पाहावी लागली असती. जगातील सर्वांत शक्तिशाली ५०० संगणकांच्या यादीत १९९८ मध्ये लिनक्स प्रथम दिसले. नोव्हेंबर २०१७ पासून यादीतील पाचशेच्या पाचशे संगणक लिनक्सवर आहेत. संगणकाच्या इतिहासात एवढा निर्विवाद निकाल क्वचितच लागला असेल.

आम्हांला यातील सर्वांत बोलके उदाहरण पुण्याच्या पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे वाटते. तेथील 'पृथ्वी' हा महासंगणक आयबीएमचा होता आणि त्यावर तिचीच एआयएक्स प्रणाली होती. २०१३ चा 'आदित्य'ही आयबीएमचाच, पण लिनक्सवर चालणारा. ८ जानेवारी २०१८ रोजी राष्ट्रार्पण झालेला 'प्रत्यूष' क्रे कंपनीचा. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेला 'अर्क' एव्हिडेन या युरोपीय कंपनीचा. आदित्यपासून अर्कपर्यंत तीन यंत्रे तीन वेगळ्या कंपन्यांची असूनही प्रणालीचे घराणे एकच राहिले. हवामानाची प्रतिमाने म्हणजे फोरट्रान भाषेतील लाखो ओळी असतात. दर वेळी नव्या यंत्रासाठी त्यांचे रूपांतर आणि तपासणी करावी लागतेच. पण प्रणाली यंत्रविक्रेत्याच्या मालकीची नसल्याने विक्रेता बदलणे संस्थेच्या हाती राहिले. मे २०२५ मध्ये सुरू झालेली ६ किलोमीटरच्या चौकटीची 'भारत फोरकास्ट सिस्टिम' अर्कवरच चालते. तिच्या आधी चौकट १२ किलोमीटरची होती, म्हणजे जुन्या एका चौकटीच्या जागी आता चार आहेत. सिंदफणेचे धरण आणि माजलगाव शहर जुन्या मापात एकाच घरात बसत असे. बीड जिल्ह्यात जूनचा पाऊस कधी आणि कोठे, यावर पेरणी अवलंबून असते. तेव्हा या चौकटी लहान होण्याचे मोल येथील विद्यार्थ्यांना सांगावे लागत नाही.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. या संस्थांचे लिनक्स 'फुकट' नसते. क्रेच्या यंत्रावरील लिनक्स क्रेने आपल्या यंत्रासाठी घडवलेले होते आणि देखभालीचे पैसे करारात असतातच. पैसे परवान्याला जात नाहीत, माणसांना जातात, एवढाच फरक. आमच्या मते हा फरक मोठा आहे. पण अंदाजपत्रकात शून्य लिहिणाराची त्यात फसगत होते.

लिनक्स घ्यायचे ठरले तरी निवड संपत नाही. लिनक्स हा नुसता गाभा आहे. त्याभोवती हजारो लहानमोठ्या आज्ञावली जमवून, त्या एकमेकींशी जुळतात हे तपासून, दुरुस्त्या पुरवत राहण्याचे काम निरनिराळे गट करतात. अशा प्रत्येक जुळणीला वितरण म्हणतात. कोणते वितरण घ्यावे, याचे आपल्याकडील नमुनेदार उदाहरण मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सापडते. जिनिव्हाजवळच्या सर्न येथील सीएमएस प्रयोगाच्या माहितीचे पृथक्करण करणाऱ्या जागतिक जाळ्यातील एक केंद्र तेथे आहे. जाळ्यातल्या एका केंद्रावरचे गणित दुसऱ्या केंद्रावर केले तरी उत्तर तेच यायला हवे. गणिती आज्ञावलींच्या आवृत्त्या वेगळ्या असल्या तर शेवटच्या काही अंकांत फरक पडतो, आणि कोट्यवधी टकरींच्या नोंदींत तो शोधत बसणे कोणालाही परवडत नाही. म्हणून सर्न आणि अमेरिकेतील फर्मिलॅब यांनी २००४ पासून 'सायंटिफिक लिनक्स' हे समाईक वितरण चालवले. रेड हॅट कंपनी आपले पैसे देऊन मिळणारे वितरण ज्या मूळ आज्ञावलीपासून बनवते, तीच परवान्यानुसार घेऊन केलेली ही प्रतिकृती होती. सेंटओएस हीही अशीच प्रतिकृती. तीही २००४ पासूनची, पण सर्वांसाठी.

माजी विद्यार्थ्याच्या दरपत्रकातील नाव हेच. महाविद्यालयात तो सेंटओएसवर शिकला होता, आणि त्याची निवड पाच वर्षांपूर्वी अगदी योग्य ठरली असती.

रेड हॅटने २०१४ मध्ये सेंटओएसला आपल्या पंखाखाली घेतले. २०१९ मध्ये सेंटओएस ८ आले आणि २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील, या हिशोबाने लोकांनी ते बसवले. ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झाले की सेंटओएस ८ चा आधार ३१ डिसेंबर २०२१ लाच थांबेल. दहा वर्षांचा हिशोब एका घोषणेत दोन वर्षांवर आला. जुन्या सेंटओएस ७ ची मुदत मात्र ३० जून २०२४ ही पूर्वीचीच राहिली. म्हणजे आम्ही माजलगावात तो कागद पाहत होतो, तेव्हा त्यातील प्रणालीचे आयुष्य चार आठवडेही उरले नव्हते. ती बंद पडली नसती. पण तिच्यातील नव्याने सापडणाऱ्या भोकांना ठिगळ लावणारे कोणी नसते, आणि जाळ्याशी जोडलेल्या सर्व्हरला हीच खरी भीती.

येथे परवान्याचा उपयोग दिसतो. घोषणा झाल्यावर सेंटओएसच्या संस्थापकांपैकी एक ग्रेगरी कर्टझर यांनी रॉकी लिनक्सची हाक दिली, आणि मार्च २०२१ मध्ये आल्मालिनक्स, जूनमध्ये रॉकी अशी दोन नवी वितरणे उभी राहिली. सर्न आणि फर्मिलॅब यांनी डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या प्रयोगांसाठी आल्मालिनक्सची शिफारस केली. आज्ञावली बंदिस्त असती तर हे शक्य झाले नसते. पण जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपल्या वितरणाची मूळ आज्ञावली ग्राहकांपुरती मर्यादित केली, तेव्हा प्रतिकृती बनवणारांची वाटही अवघड झाली. हक्क आचंद्रार्क असतो, देखभाल नसते. एका कंपनीच्या मर्जीवर उभे असलेले मुक्त वितरण कंपनीच्या मर्जीनेच बदलते, हे या प्रकरणातून आम्ही शिकलो.

दुसरे टोकही पाहावे. त्याच वर्षी, मार्च २०२४ मध्ये, आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या लिनक्स यंत्रात दुरून प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवला. कारण शोधता शोधता त्यांना 'एक्सझेड' या फायली आटोपशीर करणाऱ्या आज्ञावलीत लपवलेले चोरदार सापडले. ही आज्ञावली वर्षानुवर्षे मुख्यतः एकच थकलेला स्वयंसेवक सांभाळत होता. त्याला मदत करण्याच्या मिषाने कोणी अनोळखी माणूस दोन वर्षे विश्वास कमावून आत शिरला होता. हा दोष बहुतेक वितरणांच्या चाचणीच्या शाखांपर्यंतच पोचला होता, स्थिर आवृत्त्या बचावल्या. मजकूर उघडा होता म्हणून शोध लागला, हे खरे. उघडा असूनही तो कोणी वाचत नव्हते, हेही खरे. (फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टचे नोकर, हे सांगितल्यावर शिक्षकांच्या खोलीत बराच हशा झाला.)

आम्ही शाळेला डेबियन सुचवले. १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी सुरू केलेल्या या वितरणामागे कंपनी नाही. स्वयंसेवकांची संघटना आहे, ती आपला प्रमुख मतदानाने निवडते, आणि १९९७ मध्ये तिने वापरणारांना दिलेली वचने लेखी जाहीर केली आहेत. तिची स्थिर आवृत्ती अगदी नवी नसते. नव्या सोयी तिच्यात उशिरा येतात, आणि शाळेच्या गुणनोंदींना ते सोसते. जून २०२३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीला जून २०२८ अखेरपर्यंत दुरुस्त्या मिळणार होत्या. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्तीही चालली असती, तिच्यामागे कंपनी आहे. रॉकी किंवा आल्माही चालले असते आणि माजी विद्यार्थ्याला ते अधिक ओळखीचे वाटले असते. त्याच्याशी आमचा यावर अर्धा तास वाद झाला. त्याचे म्हणणे होते की जे मला येते तेच शाळेला उपयोगी, कारण रात्री दहाला फोन मलाच येणार. त्यात तथ्य होते. अखेरीस तो डेबियन शिकायला तयार झाला, पण आम्ही वाद जिंकला असे म्हणवत नाही.

बाकीचे निर्णय प्रणालीपेक्षा साधे आणि अधिक महत्त्वाचे निघाले. वीज जाते, म्हणून यूपीएस. शिवाय वीज गेल्यावर पाच मिनिटांत सर्व्हरने स्वतःहून व्यवस्थित बंद व्हावे, अशी मांडणी. इंटरनेट मंद आहे, म्हणून दुरुस्त्या रात्री एकदाच उतरवून सर्व्हरवर ठेवायच्या आणि वीसही संगणकांनी त्या तेथून घ्यायच्या. गुणनोंदींची प्रत दर शनिवारी दोन बाह्य चकत्यांवर आळीपाळीने, त्यातील एक चकती शाळेबाहेर मुख्याध्यापकांच्या घरी. परवान्याच्या पैशांतून या दोन चकत्या आणि यूपीएस येऊन थोडे उरले.

आणि एक वही. सर्व्हरवर केलेला प्रत्येक बदल तारीख घालून तिच्यात लिहायचा, असे ठरले. गणिताच्या बाईंनी पहिल्या पानावर '३० जून २०२८' एवढेच मोठ्या अक्षरांत लिहिले आणि खाली 'त्याआधीच्या उन्हाळी सुट्टीत पुढची आवृत्ती'. जबाबदार म्हणून दोन नावे हवी होती. एक त्यांनी स्वतःचे घातले. दुसरे आज्ञावली वाचायला बसलेल्या नववीतील एका मुलीचे घालावे, असे त्यांच्या मनात होते. पण २०२८ मध्ये ती शाळेत नसेल, म्हणून ती ओळ मोकळी ठेवून दर जूनमध्ये नव्याने भरायची, असे ठरले.